लष्कराचा जुना ट्रक : स्वस्त सौदा की गळ्यातले लोढणे?

कोकणातील वखारवाल्यांना एक अडचण चांगली ठाऊक आहे. आंबा-फणसाचे जड ओंडके रानातून काढण्याचे काम वर्षातून मोजकेच दिवस निघते. पण त्या दिवशी साधा ट्रक चिखलात रुततो आणि भाड्याचा ट्रकवाला कच्च्या वाटेवर यायला कां-कूं करतो. मग लष्कराने निकाली काढलेला ट्रक लिलावात घ्यावा, असे मनात येते. विचार वाईट नाही. मात्र आधी हिशेब आणि मग बोली, हा क्रम चुकू नये.

या ट्रकांची ख्याती उगाच नाही. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनणारा ‘शक्तिमान’ रस्त्यावर 5 टन आणि रानातून 3 टन माल नेत असे. त्याचे उत्पादन 1996 साली थांबले. त्याची जागा अशोक लेलँडच्या ‘स्टॅलियन’ने घेतली. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळत असल्याने आणि गाडी जमिनीपासून उंच असल्याने चिखल-ओढे पार होतात.

कागद आधी पाहा

लष्कराच्या टाकाऊ मालाचे लिलाव बहुधा एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत संगणकावर होतात. माल ‘जसा आहे, जेथे आहे’ या अटीवर मिळतो, नंतर तक्रार चालत नाही. गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी विकली जात आहे की केवळ मोडीत काढण्यासाठी, हे यादीत नीट वाचावे. लष्करी नोंदणी आपल्या उपयोगाची नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे आर.टी.ओ.कडे नव्याने नोंदणी करावी लागते. इतक्या जुन्या गाडीची नोंदणी होईल का, हे बोलीपूर्वीच विचारून घ्यावे.

‘माल माझा, गाडी माझी, मग परमिट कशाला?’ ही समजूतही चुकीची आहे. 3,000 किलोंपेक्षा अधिक एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागते. शिवाय फिटनेस, विमा, जड वाहनाचा परवाना असलेला ड्रायव्हर आणि लाकडासाठी वनखात्याचा वाहतूक पास हवा. लष्करी हिरवा रंगही बदलावा लागतो, कारण तो संरक्षण खात्यासाठी राखीव आहे.

उभी गाडीही खाते

कमी किलोमीटर पाहून भुलू नये. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे टायर तडकतात, रबरी सील सुकतात, ब्रेक अडकतात, टाकीत पाणी साचते. जाणता मिस्त्री सोबत नेऊन पाहणी करावी आणि पुढच्या अ‍ॅक्सलचे सुटे भाग कुठे मिळतील, याची चौकशी करावी.

आता हिशेब. समजा, डिझेल-ड्रायव्हरसह भाड्याचा ट्रक दिवसाला 8,000 रुपये घेतो. आपल्या ट्रकचा विमा, कर, तपासणी, टायर-बॅटरी यांचा वर्षाचा खर्च 90,000 आणि कामाच्या दिवसाचा खर्च 3,500 धरू. वर्षात 20 दिवस काम असेल, तर दोन्हीकडे 1,60,000 रुपयेच पडतात. खरेदीची रक्कम अडकली ती वेगळीच. 40 दिवस काम असेल, तर वर्षाला 90,000 वाचतात. आपले आकडे घालून हाच हिशेब करावा.

भागीदारीचा मार्ग

एकट्याला 40 दिवस काम नसेल, तर तीन-चार वखारवाल्यांनी मिळून ट्रक घ्यावा. त्यामुळे व्याजी कर्जाच्या वाटेला जावे लागत नाही. शरीअतप्रमाणे नफ्याची वाटणी आपसात ठरवता येते, तोटा मात्र ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणातच सोसावा लागतो. नोंदणी कोणाच्या नावे, दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, पाळी कशी, हे सारे दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. भाऊबंदकीतल्या तोंडी व्यवहारांनी अनेक घरे दुरावली आहेत.

कागद स्वच्छ, काम पुरेसे आणि करार लेखी असेल, तर हा जुना ट्रक इन्शाअल्लाह बरकत देईल. यांपैकी एकही गोष्ट कमी असेल, तर भाड्याचाच ट्रक बरा.