एका पेटीत एकच साप

नागपंचमी आली की सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा चर्चेत येतं. महिनाभर आधीपासून नाग पकडायचे, मडक्यांत ठेवायचे, पूजा झाली की पुन्हा रानात सोडायचे, अशी तिथली जुनी रीत होती. उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती थांबली. २०२५ साली केंद्राने २१ जणांना नाग पकडायची परवानगी दिली, तीही शैक्षणिक कारणापुरती. नाग, धामण, घोणस हे आपल्याकडचे साप घरी पाळणं वन्यजीव कायद्यात बसत नाही. हौशी लोक पाळतात ते बॉल पायथनसारखे परदेशी साप. त्यांचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. असा एक साप घरात आला की दुसऱ्याचा मोह होतो आणि प्रश्न पडतो: दोघांना एकाच पेटीत ठेवलं तर?

साप कळपात राहणारा प्राणी नाही. कॅनडातल्या मॅनिटोबात गार्टर साप हजारोंनी एकत्र हिवाळा काढतात, पण ते थंडीपासून वाचण्यासाठी. पेटीत दोन साप एकमेकांवर वेटोळं घालून पडलेले दिसतात, त्याला आपण माया समजतो. बहुतेक वेळा दोघांनाही तीच उबदार जागा हवी असते. सापाच्या अंगाचं तापमान बाहेरच्या तापमानावर ठरतं. ऊब मिळाली तरच खाल्लेलं पचतं. दांडगा साप ती जागा अडवतो. दुसरा न भांडता बाजूला होतो, खाणं सोडतो, हळूहळू खंगतो. मारामारी दिसत नाही, म्हणून मालकाच्या ते उशिरा लक्षात येतं.

खाण्याच्या वेळी धोका उघड असतो. उंदराचा वास आला की साप हलणाऱ्या कशालाही चावतो. दोघांनी एकच उंदीर दोन टोकांनी धरला, तर आत वळलेल्या दातांमुळे सोडणं अवघड जातं आणि मोठा साप धाकट्यालाही गिळू शकतो. काही जातींचं तर खाद्यच साप आहे. मण्यार कवड्या सापाला खाते, नागही दुसरे साप खातो. म्हणूनच सातारा-सांगलीच्या सर्पमित्रांनीही सुटकेच्या वेळी एका पिशवीत एकच साप घालावा.

तिसरी गोष्ट आजाराची. पेटीत विष्ठा पातळ दिसली किंवा उंदीर ओकलेला सापडला, तर तो कोणी ओकला? एकत्र ठेवलेल्या सापांत हे कळत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी विष्ठेतून पसरतो आणि त्यावर खात्रीचा उपाय नाही. त्यामुळे नवा साप निदान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावा. आधी जुन्याचं काम उरकावं, मग नव्याचं.

नर-मादीचाही विचार हवा. शेतात दोन धामणी पीळ घालून उभ्या दिसल्या की लोक त्यांच्यावर नवं कापड टाकतात. पुष्कळदा ती दोन नरांची झुंज असते. पेटीत हरलेल्या नराला पळायला जागा नसते. नर-मादी कायम एकत्र राहिले तर अंगात पुरेशी ताकद येण्याआधीच मादी गाभण राहू शकते. पिल्लं हवी असतील तर दोघांना देखरेखीखाली थोडा काळ एकत्र आणावं, मग वेगळं करावं.

बॉल पायथनच्या पेटीत एक बाजू साधारण ३१-३२ अंश, दुसरी २५-२७ अंश असावी. लपायला दोन्ही बाजूंना जागा हवी, नाहीतर साप ऊब आणि आडोसा यांतलं एकच निवडतो. हीटरला थर्मोस्टॅट लावावाच. सांगलीच्या उन्हाळ्यात मात्र पेटी गार ठेवणं हेच खरं काम, आणि महाबळेश्वरच्या हिवाळ्यात ती उबदार ठेवणं. पाण्याचं भांडं, घट्ट बसणारं झाकण, खाल्ल्याची तारीख आणि वजनाची वही, हे प्रत्येक सापाचं वेगळं.

दुसरा साप घ्यायचा म्हणजे दुसरी पेटी, दुसरा थर्मोस्टॅट आणि दुसरी नोंदणी. यांपैकी एकाची जरी तयारी नसेल, तर आहे त्या एकाचीच नीट निगा राखावी. जोडीदार नाही म्हणून त्याचं काही अडत नाही.