कॅसिनोत आहेस, पण काम कोणते?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक माउली आपल्या सव्वीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलगा बाहेर बाकावर पेंगत होता. ती एकटीच आत येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरांनू, झील दिसाचो निजता आणि रातभर जागो रवता. खंयच्या नादाक तर लागलो नाय मां?"

मुलगा पणजीला हॉटेलात नोकरीला, आठवड्यातून एक दिवस घरी येणारा. तक्रार पोटाची. छातीत जळजळ, अन्नावर वासना नाही, वजन उतरलेले. मी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, तिखट कमी करायला सांगितले. महिन्याने तो पुन्हा आला, मी गोळ्या बदलल्या. एक गोष्ट तेवढी लक्षात राहिली. खुर्चीवरून उठताना तो दोन्ही तळहात एकमेकांवर झटकून उताणे करून दाखवत असे. असते एकेकाची सवय, म्हणून मी सोडून दिले.

तिसऱ्या खेपेस तो आला तो कोपर सोलटून. पहाटे मोटारसायकलने घरी येताना, पत्रादेवी ओलांडून बांद्याकडे निघाल्यावर त्याचा डोळा लागला आणि गाडी कडेच्या चरात गेली. जखम धुताना मी विचारले, "अरे, हॉटेलात तुझे काम तरी काय?" मान खाली घालून तो म्हणाला, "डॉक्टर, हॉटेल नाही, कॅसिनो. घरी सांगितलेले नाही. बहिणीचे लग्न ठरायचे आहे."

जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा, तो मी तिसऱ्या महिन्यात विचारला. चूक माझी. त्याच्या परवानगीने हे लिहीत आहे.

वाचकहो, गोव्यात १९९२ साली कायद्यात बदल होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरच्या खेळांना वाट मोकळी झाली. आज मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर आपल्या भागातली मुलेमुलीही कामाला आहेत. कॅसिनोतली नोकरी म्हणजे पत्ते पिसणे, असा आपला समज. प्रत्यक्षात ते एक गावच असते आणि कोण कुठे उभा, कोण कुठे बसलेला, यावर दुखणे ठरते.

आमचा रुग्ण 'डीलर' होता, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारा. टेबल सोडताना हात रिकामे आहेत हे छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवावे लागते. ती तळहातांची सवय तिथली! डीलरचे काम बहुतेक उभ्याचे. त्यामुळे पोटरीच्या शिरा फुगतात, टाचा दुखतात. रूलेटच्या टेबलावर वाकून चिप्स ओढाव्या लागतात, त्याने कंबर धरते. मनगट आणि अंगठा तर रात्रभर एकच हालचाल करीत असतात. शिवाय हरलेल्या माणसाचे बोलणे हसून ऐकायचे, तोंडातून शब्द काढायचा नाही. पोटातल्या आगीला हेही एक कारण आहे, असे माझे मत आहे.

डीलरच्या मागे सुपरवायझर असतो आणि कित्येक टेबलांवर मिळून 'पिट बॉस'. वाद मिटवायचा, चूक पकडायची, वरिष्ठांना उत्तर द्यायचे ते यांनी. यांचे पाय कमी दुखतात, पण यांनी रक्तदाब नियमित मोजून घ्यावा. पैसे आणि चिप्स यांची अदलाबदल करणारा रोखपाल जाळीआड बसतो. हिशेब जुळेपर्यंत त्याचा जीव टांगणीला. कॅमेऱ्यांचे पडदे पाहणारे लोक वेगळ्या खोलीत तासन्‌तास बसून असतात. त्यांना मानेचा आणि डोळ्यांचा त्रास. त्यांनी दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या वस्तूकडे थोडा वेळ पाहावे, एवढ्यानेही आराम पडतो. याखेरीज यंत्रे दुरुस्त करणारे, दारावरचे रक्षक, आचारी, वाढपी, किनाऱ्यावरून पाहुण्यांची ने-आण करणारे होडीवाले आणि पहाटे सगळे आवरणारे सफाई कामगार. या शेवटच्यांची आठवण कोणालाच नसते.

धुराचेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत 'नायॉश' या सरकारी संस्थेने लास वेगासच्या कॅसिनोंतील सिगारेट न ओढणाऱ्या डीलर लोकांची लघवी तपासली होती. तंबाखूच्या धुरातील कर्करोगकारक द्रव्याची खूण काम सुरू होतानापेक्षा संपताना वाढलेली आढळली. आपल्याकडे २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. तरीही ज्याची ड्युटी सिगारेट ओढणाऱ्यांच्या जागेत लागते, त्याने ती बदलून मागण्यात काही कमीपणा नाही.

या सर्वांना बांधणारी गोष्ट म्हणजे रात्र. शरीराला स्वतःचे घड्याळ आहे. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पहाटे तीनला जठर आणि स्वादुपिंड विश्रांतीच्या तयारीत असतात आणि नेमके तेव्हा आपण बिर्याणी खातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातले आणि २०१९ साली तेच मत कायम ठेवले. घाबरून नोकरी सोडा, असा याचा अर्थ नाही.

त्याला मी सांगितले ते असे. मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी घे. मध्यरात्रीनंतर थोडेसे हलके खा. चहा ड्युटीच्या पहिल्या निम्म्यातच. सुट्टीच्या दिवशीही झोपेची वेळ फार हलवू नकोस. घरी जाताना उन्हाचा काळा चष्मा लाव, म्हणजे मेंदूला सकाळ झाल्याची वर्दी उशिरा जाते. मधल्या सुट्टीत पाय उंचावर ठेव, टाचा वर-खाली कर. आणि रात्र जागून मोटारसायकलला हात लावायचा नाही. आधी झोप, मग एसटी.

आईची शंका अगदीच वेडी नव्हती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कॅसिनोच्या कर्मचाऱ्यांत जुगाराचे व्यसन सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक आढळले होते. म्हणून मी त्याला स्पष्टच विचारले. तो म्हणाला, "रोज रात्री लोक कसे हरतात ते समोर उभा राहून बघतो, डॉक्टर." मला ते पटले, तरी दर भेटीत हा प्रश्न मी पुन्हा विचारतो.

घरी सांगायला त्याला दिवाळी उजाडली. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्या खोलीच्या खिडकीला जुनी गोधडी बांधली आणि कोंबड्यांचा खुराडा मागच्या पडवीत हलवला. गोळ्या आता अधूनमधून लागतात, वजन दोन किलो भरले आहे. बहिणीचे लग्न मात्र अजून ठरायचे आहे.