विश्लेषण : परिचारिकांच्या कामाचे वातावरण कसे मोजतात?

द्रुतगती मार्गावरचा अपघात असो वा पावसाळी शनिवार-रविवारची गर्दी, लोणावळा-मावळातील रुग्णालयांत रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ थांबते ती सिस्टर. तिला काम नीट करता येते का?

मोजमाप कसे?
अमेरिकी संशोधक आयलीन लेक यांनी २००२ मध्ये ३१ विधानांची प्रश्नावली मांडली. मनुष्यबळ, डॉक्टरांशी संबंध, वरिष्ठांचा पाठिंबा, निर्णयांतील सहभाग, शुश्रूषेचा दर्जा हे तिचे पाच भाग. गुण १ ते ४, सरासरी २.५ च्या वर असेल तर वातावरण अनुकूल.

पगाराचे काय?
केंद्राच्या समितीने २०१६ मध्ये ५० हून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांसाठीही किमान २० हजार रुपये वेतनाची शिफारस केली.

अडचण कोणती?
लहान रुग्णालयात मोजक्याच सिस्टर असतात. कागदावर नाव नसले तरी पाळीवरून उत्तर कोणाचे ते कळते. म्हणून प्रश्नावली रुग्णालयाबाहेरच्या व्यक्तीने भरून घ्यावी.