कष्टांच्या सोबतीने

'सब्र' हा अरबी शब्द आपल्या मराठी घरांत 'सबुरी' होऊन केव्हाच नांदू लागला. परंतु इस्लामी धर्मविचारात त्याला केवढे वजन आहे, हे मला धारेत आमच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध मौलवीसाहेबांकडून कळले. आपण म्हणतो, दुःखानंतर सुख येते. कुराणाच्या ९४ व्या सुऱ्यात मात्र 'नंतर' नाही, 'सोबत' आहे. आणि तो विचार तेथे लागोपाठ दोनदा आला आहे.

सबुरी म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे, असेही ते सांगत. अय्यूब पैगंबरांनी आपली व्यथा ईश्वरापुढे मांडली. महंमद पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. अश्रूंना मज्जाव नाही, औषधालाही नाही. मज्जाव आहे तो निराशेला.

हे ऐकताना मला आपले देवास आठवले. उस्ताद रजबअली खांसाहेबांच्या त्या गावी १९४८ साली चोविशीही न उलटलेले कुमार गंधर्व क्षयाने जर्जर होऊन आले. गाणे बंद. एक फुप्फुस निकामी झालेले. भानुमतीबाईंनी शिक्षिकेची नोकरी सांभाळून त्यांची शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिनचा गुण आला. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले.

पण वाचकहो, लाभ झाला तो केवळ बरे झाल्यावर नव्हे. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याची लोकगीते त्यांच्या कानांवर येत होती. गळा मिटला होता, म्हणून कान उघडले. त्या धुनांतून पुढे त्यांचे 'धुनउगम' राग निघाले. १९६५ साली 'अनुपरागविलास' प्रसिद्ध झाला. सुख कष्टांच्या सोबतच होते, ते असे.

म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसून 'यातही देवाची कृपा माना' असे सांगणे मला रुचत नाही. बरकत ज्याची त्याने शोधायची असते. भानुमतीबाईंनी केले तेच शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आणि आप्तांचे काम: औषधपाणी पाहावे, घर चालते ठेवावे, आणि खिडकी उघडी ठेवावी.