लालबागेपलीकडचा ठेवा

इंदुरास आलेला मराठी पाहुणा लालबाग राजवाडा पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. १८८६ साली आरंभिलेली व १९२१ साली पूर्णत्वास गेलेली ही होळकरांची वास्तू आपणां सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे. मात्र तेथून पश्चिमेस धार रस्त्याला लागले, की होळकरांचाच दुसरा ठेवा लागतो. तो पाहुण्यांस दाखविण्याचे आपणांस क्वचितच सुचते. तो म्हणजे सिरपूर तलाव.

नगराच्या पाण्यासाठी संस्थानी काळात बांधलेला हा उथळ तलाव आज पाणपक्ष्यांचे संरक्षित आश्रयस्थान आहे. हिवाळ्यातील एका सकाळी आम्ही तेथे गेलो. उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आलेली तलवार बदके पाण्यावर विसावली होती. काळ्या अंगाचे, कपाळी शुभ्र टिळा मिरविणारे वारकरी पक्षी दिंडीसारखे चालले होते.

"काठचा चिखल नि गवत कोणी साफ का करीत नाही?" सोबतच्या मुलांनी विचारले. स्वच्छतेत देशात वारंवार पहिल्या आलेल्या नगरातील मुलांस हा प्रश्न पडणारच! परंतु येथील न्याय निराळा आहे. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचते, पाणवनस्पती वाढतात. त्यांवर किडे-गोगलगायी पोसतात आणि त्यांवर पक्षी. कमळपक्षी तर तरंगत्या पानांवरच अंडी घालतो. काठचे गवत पावसाबरोबर वाहून येणारा गाळ अडविते. तेथे फरसबंदी करून फुलझाडे लावली, तर तळे नेटके दिसेल, पण मुके होईल. खरी घाण ती सांडपाण्याची व प्लास्टिकची.

इराणातील रामसर येथे १९७१ साली झालेल्या करारान्वये, २०२२ साली सिरपूर व यशवंतसागर यांना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींचा मान लाभला. २०२५ साली उदयपूरसह इंदूर भारतातील पहिले मान्यताप्राप्त पाणथळ-नगर ठरले. हा मान आपोआप आलेला नाही. छायाचित्रकार भालू मोंढे (पद्मश्री, २०१६) आणि त्यांचे सहकारी या तलावाच्या रक्षणासाठी वर्षानुवर्षे झटले आहेत.

राजवाडा झाडून-पुसून जपावा लागतो. तळ्याचा काठ मात्र आहे तसा राखूनच जपावयाचा आहे. वाचकहो, पाहुण्यांस लालबाग अवश्य दाखवा; पण एक सकाळ सिरपूरसाठी राखा. दुर्बीण न्यावी, मुलांना न्यावे, आवाज हलका ठेवावा. आणि पक्ष्यांना खाऊ घालण्याचा मोह टाळावा. त्यांचे अन्न त्या चिखलातच आहे.