पापडच धरावा, की अकरा जिन्नस मांडावेत?

गेल्या दिवाळीआधी शेजारच्या गावच्या बचत गटाबरोबर मी मुलुंडला गेले होते. तिथल्या एका विक्री-मेळ्यात गटाला एक टेबल मिळाले होते. टेबलावर काय नव्हते? उडदाचे पापड, कुरडया, सांडगे, शेवया, तीन तऱ्हेची लोणची, काळा मसाला, उदबत्त्या, शिवाय कापडी पिशव्या! पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत पापड संपले. तिसऱ्या दिवशीही गिऱ्हाइके पापडच विचारत होती आणि आमच्या बाया त्यांना उदबत्ती दाखवत होत्या. परतताना निम्मा माल तसाच बांधून आणला.

गटावर बँकेचे कर्ज आहे, हप्ता काही थांबत नाही. त्यामुळे गाडीतच वाद पेटला. एक म्हणाली, आता फक्त पापड. दुसरी म्हणाली, आणि पापड नाही खपला तर? चार जिन्नस असले तर एखादा तरी चालेल.

तुम्हा-आम्हाला हे दुसरे म्हणणे चटकन पटते. बाजरी गेली तर तूर हात देते, हे आपण लहानपणापासून पाहिलेले. पण बाजरी आणि तूर एकाच रानात, एकाच पाभरीने पेरता येतात. पापड आणि उदबत्तीचे तसे नाही. माल वेगळा, हात वेगळा, गिऱ्हाईकही वेगळे.

याच मुंबईत, गिरगावात, १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट त्यांतल्याच एक. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. आज लिज्जत पापड ठाऊक नाही असे घर विरळा. पण सुरुवातीला त्याही डगमगल्या होत्याच. चांगला एक आणि स्वस्तातला एक, असे दोन प्रतीचे पापड त्या करीत. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी सांगितले, एकच करा आणि त्याची प्रत कधी उतरू देऊ नका. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये.

पावसाळ्यात वाळवण होईना म्हणून त्या वर्षी चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या कोणी म्हटले असते, चला, तेवढ्यात दुसरे काही करू. यांनी पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. बाहेर पाऊस आणि घरात वाळवण! मला त्यांची सगळ्यात मोठी हुशारी इथे दिसते.

त्यांनी आधी जिन्नस वाढवले नाहीत, लाटणारे हात आणि गावे वाढवली. पीठ केंद्रात मळायचे, बायकांनी ते घरी नेऊन पापड लाटून आणायचे. १९६१ साली मालाडला शाखा काढून पाहिली, ती जमली नाही. १९६८ साली गुजरातेत वालोडला निघाली. खाकरा आला १९७४ साली, मसाले १९७६ साली. म्हणजे पंधरा वर्षे मुख्यतः पापडच. पुढे काडेपेटी, चामड्याच्या वस्तू, उदबत्ती यांतही हात घातला आणि ते धंदे जमले नाहीत. आता खरे सांगायचे तर कपडे धुण्याची त्यांची 'ससा' पावडर मात्र चालली, आणि तिचा पापडाशी काय संबंध? पण ती आली तेव्हा पापडाचे नाव घरोघरी पोचलेले होते. आपल्या गटाचे नाव अजून तालुक्यालाही ठाऊक नाही.

हे सगळे मी गटाच्या बैठकीत सांगितले. पिशव्या लगेच बंद झाल्या. उदबत्तीपाशी मात्र सगळ्या गप्प बसल्या. ती करणारी बाई एकटी, पदरात दोन मुले. तिचे काम काढून घ्यायचे कसे? मी म्हटले, काम काढू नका, बदला. तिचा हात हलका आहे, पापड तपासायला आणि भरायला तिला बसवा. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आली आणि पहिल्याच ढिगातले सोळा पापड जाड म्हणून बाजूला काढले. लाटणारी रुसली. सोळाही परत केले आहेत. लोणच्याचे अजून ठरायचे आहे.