चित्राच्या कडा

घरातल्या जुन्या समूहचित्रांत एक गोष्ट पुष्कळदा आढळते. मधोमध खुर्चीवर बसलेल्या आजोबांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा, आणि अगदी टोकाला उभ्या असलेल्या आत्याबाईंचा चेहरा मात्र धूसर! त्या हलल्या असतील, असे आपण म्हणतो. बिचाऱ्या कित्येकदा मुळीच हललेल्या नसतात. दोष भिंगाचा असतो.

भिंगाने पडणारी प्रतिमा स्वभावतः सपाट नसते. समोरच्या सपाट भिंतीचीही प्रतिमा बशीसारख्या वक्र पृष्ठावर पडते. फिल्म, किंवा आजच्या कॅमेऱ्यातला संवेदक, मात्र पाटासारखा सपाट. बशीचा मध्य पाटाला टेकला की कडा अधांतरी राहतात. शिवाय तिरप्या किरणांची आणखी एक खोड आहे. चित्राच्या मध्यावर आस असलेले गाडीचे चाक कल्पावे. कडेजवळ त्याचे आरे स्पष्ट केले तर धाव पुसट होते, धाव साधावी तर आरे विस्कटतात.

व्हिएन्ना येथे योझेफ पेट्झवाल या गणितज्ञाने १८४० साली व्यक्तिचित्रांसाठी खास भिंग गणिताने आखले. आकडेमोडीला तोफखान्यातली माणसे त्याच्या दिमतीस दिली होती. या भिंगातून पूर्वीच्या मानाने कितीतरी अधिक प्रकाश येई, आणि मिनिटेच्या मिनिटे पुतळ्यासारखे बसण्याच्या शिक्षेतून माणसे सुटली. मध्यभाग उत्तम, कडा ढासळलेल्या. पण एकच चेहरा टिपणाऱ्याला त्याचे काय? कडा सुधारण्यास पुढे पन्नास वर्षे लागली. अडचण बुद्धीइतकीच काचेचीही होती. जर्मनीतील येना येथे आबे आणि शॉट यांनी नव्या प्रकारच्या काचा घडविल्या, तेव्हा कोठे पॉल रुडोल्फ यांना १८९० मध्ये कडांपर्यंत निर्मळ चित्र देणारे भिंग रचता आले. त्यांचेच चार काचांचे ‘टेसार’ १९०२ सालचे.

म्हणून भिंग घेताना दुकानदार प्रकाशछिद्राच्या मोठेपणाची कितीही थोरवी गावो, आपण चारही कोपरे तपासावेत. भिंतीवर वर्तमानपत्राची पाने सपाट चिकटवावीत, कॅमेरा तिकाटण्यावर अगदी समोर व समांतर ठेवावा, आणि एक चित्र पूर्ण उघड्या छिद्राने, दुसरे एफ-८ वर घ्यावे. छिद्र लहान केले की किरणांचा शंकू निमुळता होतो आणि कडांचे बरेचसे दोष झाकले जातात. मात्र एफ-२२ पर्यंत गेल्यास प्रकाशाच्या वळण्यामुळे सारेच चित्र मऊ पडते. चारही कोपरे सारखेच पुसट असतील तर तो त्या रचनेचा गुण समजावा. एकच कोपरा बिघडलेला असेल तर कॅमेरा पुन्हा समांतर करून पाहावा; तरीही तोच बिघडला तर आतली एखादी काच जागची सरकली आहे. असे भिंग बिनदिक्कत परत करावे. केवळ चेहरेच टिपणाऱ्याने कडांसाठी जादा पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे. नकाशे, इमारती, पोथ्यांची पाने टिपणाऱ्याला मात्र तेथे काटकसर परवडणार नाही.

जुने छायाचित्रकार मंडळींना किंचित अर्धचंद्राकार बसवीत, टोकाच्यांना थोडे पुढे ओढून. त्या भिंगांत कडेला स्पष्ट उमटणारी जागा कॅमेऱ्याच्या जरा जवळ येई. तेव्हा बशीला पाट करता येईना, म्हणून ते माणसांचीच बशी करीत.